भुताला विचारतात

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातला जाळीचा देव म्हणजे महानुभावांचं ठिकाण. ‘बाहेरचं’ झालं म्हणून माणसाला देवाच्या दारी आणणं आपल्या भागाला नवं नाही. बाईच्या अंगात आलं की भोवतालचे विचारतात, तू कोण, कुठली, काय पाहिजे? उत्तर कान देऊन ऐकतात. ती शांत झाली की प्रश्न नवऱ्याकडे वळतात, जेवते का, झोपते का? म्हणजे भुताला विचारायचं आणि बाईबद्दल विचारायचं. दवाखान्यात तर भुताचीही सोय नाही.

कायदाही बराच काळ ‘बद्दल’च विचारत आला. मनोरुग्णांविषयीच्या 1912 च्या कायद्यात नातेवाइकाने अर्ज करायचा आणि मॅजिस्ट्रेटने हुकूम काढायचा. 1987 च्या कायद्याने रुग्णाचं नाव सभ्य केलं; अर्जदार बहुधा तोच राहिला.

फेब्रुवारी 1994 मध्ये मात्र, विचारायचं कुणाला, हा प्रश्न उघडा पडला. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण सांगितलं पाळीच्या स्वच्छतेचं. ओरड झाली, पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. पण त्या वादात बोलणारे डॉक्टर, अधिकारी, पालक, कार्यकर्ते. कार्यकर्ते मुलींच्या बाजूचे होते, तरी मुली नव्हेतच. पुढे भार्गवी दावर यांनी पुण्यात बापू ट्रस्ट उभा केला, मनोरुग्णालयं भोगलेल्या आपल्या आईच्या नावाने. ज्याने भोगलं त्यानेच बोलावं, हा विचार त्यामागे होता.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा हक्क दिला. मला या कायद्यातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. पण नेमला नसेल तर आधी नातेवाईक, मग काळजी घेणारा, मग या कायद्याखालच्या मंडळाने नेमलेला कुणी आणि शेवटी समाजकल्याण खात्याचा संचालक. घराबाहेरचा, डॉक्टरांशीही बांधील नसलेला माणूस रांगेत मागेच. इंग्लंडने 2005 च्या कायद्यात, ज्याला कुणीच नाही त्याच्यासाठी असा स्वतंत्र पाठीराखा ठेवला.

घरचे वाईट असतात असं नाही. आईइतकं कोण जागतं? पण आई गेल्यावर भाऊ उरतो, आणि सातबाऱ्यावर दोघांची नावं असतात. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार मतिमंद माणसाला पालक नेमते ती जिल्हाधिकाऱ्यांची समिती, जालन्यातही. पालकाने सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची, दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा. जमीन किती, पैसा किती, खर्च किती. यंदा तो मोसंबीच्या बागेत राहू म्हणाला होता की बहिणीकडे, हे त्या हिशेबात कुठे लिहायचं?