एक्कावन्नावा ग्रॅम

"हे पान ओढून बघ," मामा म्हणाले.

फुलांच्या गच्च कणसातून एकच बारीक पान वाळून वर आलं होतं. मी ओढलं, तर ते अलगद हातात आलं. मामांनी चष्मा नीट केला आणि दोन्ही अंगठ्यांनी कणीस उकललं. आत राखाडी लव होती, देठ तपकिरी आणि मऊ पडला होता.

"कूज लागलीये. द्राक्षाचा घड गच्च भरला आणि हवा खेळली नाही की अशीच आतून लागते. बाहेरून घड देखणा दिसतो. हे कापून टाक आणि कात्री पुसून घे, नाहीतर दुसऱ्यालाही लावशील."

निफाडला चाळीस वर्षं द्राक्षं काढलेला माणूस. बाग मुलाच्या हाती सोपवून तो पहिल्यांदाच परदेशी, माझ्याकडे लाइपझिगला आला होता. गळ्यात तुळशीची माळ. माझ्या मागच्या खोलीत ऐंशी सेंटिमीटर लांब-रुंद काळा तंबू आहे आणि त्यात गांजाची तीन झाडं आहेत, हे फोनवर सांगायचा धीर मला झाला नव्हता. आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, की त्या खोलीतून रात्रंदिवस घरघर कसली येते. मग मी तंबूची चेन उघडली.

"तुम्ही रागावला नाहीत?" मी विचारलं.

"रागावलोय. पण झाड आजारी असलं की आधी झाड बघायचं. आता तू सांग. हे चोरून आहे का?"

मी सांगितलं. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून नवा कायदा आहे. सज्ञान माणूस, इथे निदान सहा महिने राहत असेल तर, घरी एका वेळी तीन झाडं लावू शकतो, स्वतःपुरती. वाळवलेला माल घरात ५० ग्रॅम, बाहेर खिशात २५. मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवायचं, वासाचा शेजाऱ्यांना त्रास होऊ द्यायचा नाही. विकायचं तर नाहीच, फुकट द्यायचंही नाही.

"आणि आपल्याकडे?"

"१९८५ चा कायदा आहे. एक झाड लावलं तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड."

"ते माहितीये. तुरीत लावलेला गांजा पोलिसांनी उपटला, अशी बातमी आमच्याकडे येतच असते. मग मला एवढंच सांग, तुला हे लावायची गरज काय पडली?"

मी खरं तेच सांगितलं. शनिवारी रात्री, मुलगी झोपल्यावर, गच्चीत बसून मी थोडा ओढतो. महिन्याला तीन-चार ग्रॅम. आधी स्टेशनजवळच्या एका पोराकडून घ्यायचो. त्यात काय मिसळलंय ते कळायचं नाही, आणि आपला पैसा शेवटी कुणाच्या हातात जातो ते कळलं तर झोप उडेल. पाचशे सभासदांपर्यंतचे लागवडीचे क्लब इथे आहेत, पण आपल्या हाताने लावलेलं आपण घ्यावं असं मला वाटलं. शेतकऱ्याचाच भाचा आहे.

मामा यावर काही बोलले नाहीत. ते दिव्याकडे बघत होते.

"बाहेर एवढं ऊन पडलंय. हा दिवा कशाला?"

इथून खरं संभाषण सुरू झालं. हे झाड दिवस लहान झाले की फुलावर येतं. जर्मनीत बाहेर लावलं तर फुलं भरायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो, तेव्हा पाऊस आणि धुकं, म्हणजे कूज. शिवाय बाल्कनी समोरच्या शाळेतून दिसते. म्हणून आत. वाढीच्या काळात दिवसाला अठरा तास दिवा, मग फुलासाठी बारा तास दिवा आणि बारा तास मिट्ट काळोख. त्या काळोखात चेनच्या फटीतून उजेडाची तिरीप गेली तरी झाड बिचकतं.

"शेवंती," मामा लगेच म्हणाले. "शेवंतीवाले रात्री बल्ब लावतात, फूल लांबवायला. आणि यात नर-मादी असणार, पपईसारखं."

"हो. नर शिरला तर सगळ्या मादी झाडांत बी धरतं. म्हणून फक्त मादी निघेल असं बी महागात घ्यावं लागतं."

"भुरी?"

"येते. लाल कोळीही."

मामांचा चेहरा जरा खुलला. ज्या झाडाचं नाव त्यांनी आयुष्यभर टाळलं, त्याचे सगळे रोग त्यांच्या ओळखीचे निघाले. त्या रात्री त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पेन्सिल मागितली.

"आता हिशोब सांग. एकेक करून."

तंबू, दिवा, हवा ओढणारा पंखा, वास मारणारी कोळशाची गाळणी, वेळ लावायचं घड्याळ, आर्द्रता मापक : ५२० युरो. बी तीन, दहा युरोला एक : ३०. माती, कुंड्या, खतं : ६०. वीज मी त्यांना पायरीपायरीने मांडून दाखवली. दिवा २०० वॅटचा. तीस दिवस अठरा तास म्हणजे १०८ युनिट. साठ दिवस बारा तास म्हणजे १४४. पंखा तीस वॅटचा, नव्वद दिवस अखंड, म्हणजे ६५. एकूण ३१७ युनिट. माझा दर युनिटला ३८ सेंट, म्हणजे १२० युरो. सगळं मिळून ७३०.

"मजुरी?"

"मजुरी कसली? मीच केलंय."

मामांनी पेन्सिल खाली ठेवली. "हेच. चाळीस वर्षं आम्हाला हेच सांगतात. घरच्या माणसाची मजुरी कसली? तुझी मामी पहाटे पाचला बागेत जायची, ती कुठल्या खात्यात लिहिली कुणी? हमीभावाच्या आमच्या भांडणात हेही एक आहे. तू तरी ती चूक करू नकोस. लिही."

रोज अर्धा तास, नव्वद दिवस, म्हणजे पंचेचाळीस. कापणी आणि पानं छाटणं दहा तास धरलं. पंचावन्न तास. जर्मनीतली २०२५ ची किमान मजुरी तासाला १२ युरो ८२ सेंट. म्हणजे ७०५ युरो.

कागदावर आकडा झाला १,४३५. आम्ही दोघंही त्याकडे बघत राहिलो. रस्त्यावर ग्रॅम दहा युरोच्या आसपास मिळतो. माझ्या शनिवारांचं वर्षभराचं सगळं चारशे-पाचशे युरोत भागलं असतं.

"सामान पुढच्या वेळी पुन्हा घ्यावं लागणार नाही," मी म्हणालो. "पुढचं पीक स्वस्त पडेल."

"पडेल. पण पुढचं पीक घ्यायचंच, हे कुणी ठरवलं? तू, की त्या पाचशेवीस युरोंनी?"

मला उत्तर सुचलं नाही. मामांनी आवाज चढवला नव्हता.

"हे बघ. मांडव उभा केला की बाग मोडवत नाही. भाव पडला, कर्ज झालं, तरी माणूस म्हणतो, मांडवाचा खर्च वाया कसा घालवू? आमच्यातले कित्येक असेच बुडाले. तू महिन्याला तीन ग्रॅम ओढतोस. घरात शंभर ग्रॅम पडले तर तीनच ओढशील?"

"नाही सांगता येत."

"खरं बोललास. आमच्या गावात चिलमीचे दोन-तीन गडी होते. त्यांना वाया जाताना मी पाहिलंय, म्हणून मला हे आवडत नाही. पण ते उधारीवर, चोरून, मिळेल तसं ओढायचे. तू मोजून ओढतो म्हणतोस. मोजणाऱ्याने मग मोजूनच लावावं ना?"

मी वाद घातला, कारण मला माझी बाजू खरी वाटत होती, आजही वाटते. मी म्हणालो की खर्च आणि कष्ट हाच तर लगाम आहे. स्टेशनवर पाच मिनिटांत मिळणारी वस्तू माणूस विचार न करता ओढतो. तीन महिने जिला पाणी घातलं, जिची कूज कात्रीने काढली, तिचा एक झुरका घेताना हात थांबतो. महाग आणि अवघड असणं हे या लागवडीचं वैगुण्य नाही, तेच तिचं मोल आहे.

"आणि वीज?" मामा म्हणाले. "लगाम तुझ्या हाताला लागला, बिल सगळ्या जगाला."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतंच. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये बंदिस्त जागेतल्या व्यापारी लागवडीचा हिशोब मांडला होता. एक किलो वाळलेल्या फुलामागे जागेनुसार २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतका वायू हवेत जातो. तिथली गोदामं मोठी, ती थंड-गरम राखायचा खर्च मोठा. माझा तंबू कपाटाएवढा. पण उन्हात वाढणारं झाड मी दिव्याखाली वाढवलंय, हे दोन्हीकडे सारखंच.

कापणी ८ जूनला झाली. दहा दिवस अंधाऱ्या खोलीत दोरीवर उलटी टांगून फुलं वाळवली. १८ जूनच्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातला काटा काढला, मामांनी बरण्या पुसून ठेवल्या. फुलं एकेक करून ताटलीत पडत गेली, ओल्या गवतासारखा आणि थोडा लिंबासारखा वास खोलीभर. कूज काढून टाकलेली वगळून आकडा थांबला ८३ वर.

"चांगलं पिकलं," मामांच्या तोंडून निघूनच गेलं.

"ठेवता येतात ५०," मी म्हणालो. "साठच्या वर गेलं तर गुन्हा. पन्नास ते साठमध्ये दंड."

"मग हे तेहेतीस?"

"नष्ट करायचे. लगेच."

मामा खुर्चीत बसले. "तीन झाडं लावायला सांगतात आणि पिकलेलं फेकायला सांगतात? पहिलं पीक आपण देवाला दाखवतो, भाऊबंदांत वाटतो. वाटण्यासाठी तर माणूस पिकवतो. स्वतःपुरतं पिकवणं हे मला कधी कळलंच नाही."

आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहते. बोटं संधिवाताने वाकलेली. एप्रिलमध्ये तिला वास आला होता. तक्रार करायला आली असेल म्हणून मी दार उघडलं, तर तिने हळूच विचारलं, जास्तीचं निघालं तर मला थोडं देशील का, रात्री हात फार दुखतात. मी तेव्हा हसून वेळ मारून नेली होती. आता मामांना सांगितलं.

"दे की मग! यात पाप काय?"

"कायदा आहे, मामा. फुकट दिलं तरी गुन्हा."

"कायदा चुकला असेल तर?"

मी त्या तेहेतीस ग्रॅमकडे बघत होतो. मनातून मला द्यायचंच होतं. जिन्यातून खाली जाणं, एक छोटी बरणी दाराशी ठेवणं. कुणाला कळलं असतं? वेदना खरी होती, माल खरा होता, तो कचऱ्यात जाणार होता. तिसऱ्या कुणाचं नुकसान नव्हतं.

मामांनी स्वतःच थोड्या वेळाने विचारलं, "हे किती कडक आहे?"

"माहीत नाही. पाकिटावर अंदाज असतो. तपासणी मी केलेली नाही."

"तिचं वय काय?"

"ऐंशीच्या आसपास."

"तिला गोळ्या कुठल्या चालू आहेत? रक्तदाबाच्या? रक्त पातळ करायच्या?"

मला यातलं एकही ठाऊक नव्हतं. तिचं नाव मला फक्त पत्रपेटीवरून माहीत होतं.

"आम्ही औषध फवारलं की द्राक्ष किती दिवसांनी तोडायचं ते ठरलेलं असतं," मामा सावकाश म्हणाले. "माझ्या पोराने खाल्लं तर ते माझ्यावर. परक्याच्या ताटात जाणार असेल तर दिवस मोजावेच लागतात. तू हे स्वतःसाठी पिकवलंस, म्हणून तुला मोजावं लागलं नाही. ते तिच्या हातात देताना मोजायला हवं, आणि तुझ्याकडे माप नाही. तिला डॉक्टरकडे पाठव. तिथे हे चिठ्ठीवर मिळतं म्हणालास ना?"

"हो, २०१७ पासून."

"मग तिला तिथे घेऊन जा. तेवढं शेजारपण तुला करता येईल. आणि ते या बरणीपेक्षा जास्त कष्टाचं आहे, लक्षात ठेव."

मी म्हणालो, "पण हे फेकताना तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. एके साली टोमॅटोला तोडणीचाही खर्च निघेना, तेव्हा दोन गाड्या मी रस्त्याच्या कडेला ओतल्या. घरी येऊन जेवलो नाही. पण तेव्हा चूक माझी नव्हती, भाव माझ्या हातात नव्हता. इथे चूक आज काट्यावर झालेली नाही. मार्चमध्ये झाली. तुला तिनाची परवानगी होती, म्हणून तू तीन लावलीस. गरज एकाची होती."

तेहेतीस ग्रॅम आम्ही बादलीत पाणी घालून कुसकरले, भाजीच्या देठांत आणि चहाच्या चोथ्यात कालवले आणि सेंद्रिय कचऱ्याच्या डब्यात टाकले. मामांनीच हात घातला. नंतर बराच वेळ ते साबणाने नखं घासत होते. कागदावरचा १,४३५ आकडा त्यांनी ५० ने भागला आणि उत्तराखाली रेघ मारली : ग्रॅमला २८ युरो ७० सेंट.

पुढच्या आठवड्यात शेजारणीला मी डॉक्टरकडे घेऊन गेलो. तिच्या सात गोळ्यांची यादी त्यांनी आधी वाचली. त्यातल्या एकीबरोबर हे चालणार नाही, म्हणून त्यांनी वेगळं औषध दिलं.

यंदा मी एकच बी आणलं आहे. दोन कुंड्या तळघरात ठेवल्या आहेत.