रिकामा डबा

भाचा : आत्या, शून यूच्या गोष्टीत मी त्या डब्यापाशी अडलोय. ज्याच्यासाठी तो एकवीस वर्षं राबला, त्या सरदार त्साओ त्साओनं त्याला जेवण पाठवलं. झाकण काढलं, तर आत काहीच नाही. त्यानं विष घेतलं.

आत्या : ती एक हकिकत. दुसरी एवढंच सांगते की तो झुरून गेला. इ. स. २१२, वय पन्नास. पण डब्याआधी त्याची सुरुवातीची नोकरी बघ. १८९ मध्ये तो चीनच्या हान सम्राटाच्या वाड्यातल्या कागद, कुंचले आणि शाईवरचा अधिकारी होता. त्याच वर्षी सेनापती दोंग झुओनं राजधानी बळकावली. शून यू नोकरी सोडून गावी आला आणि लोकांना म्हणाला, हा मुलूख चारी बाजूंनी उघडा आहे, सैन्यं इथूनच जाणार, निघा. ज्यांचा पाय निघाला नाही, त्यातले बरेच पुढे मारले गेले.

भाचा : म्हणजे पुढचं त्याला आधी दिसायचं. मग १९१ मध्ये सरदार युआन शाओला सोडून त्यानं त्साओ निवडला, तोही डोळे उघडे ठेवूनच.

आत्या : हो. कोणीतरी राज्य सावरायला हवं होतं. १९६ मध्ये सम्राट श्येन लोयांगला परतला तेव्हा वाडे जळालेले होते. दरबारी स्वतः बाहेर जाऊन रानातलं धान्य वेचत होते, काही पडक्या भिंतींच्या आडोशाला भुकेनं मेले. शून यूनं त्साओला सांगितलं, सम्राटाला आपल्याकडे आण. शू नगरीत दरबार पुन्हा उभा राहिला, आणि शून यू सचिवालयाचा प्रमुख झाला. त्या काळात निष्कलंक सरदार कुठून आणायचा होता?

भाचा : निष्कलंक नको. पण १९३-९४ चं काय? बापाच्या खुनाचा सूड म्हणून त्साओनं शूजौ प्रांतात कत्तल केली. प्रेतांनी नदी तुंबली, असं इतिहास सांगतो. दुसऱ्या स्वारीच्या वेळी शून यू मागे ज्वानछंगचा तळ सांभाळत होता. तेव्हा तो ‘नको’ का म्हणाला नाही?

आत्या : पुढचं वाच. शूजौवर पुन्हा जायचं त्साओच्या मनात आलं, तेव्हा शून यूनंच अडवलं. मागच्या वेळी तू फार कठोर वागलास, म्हणाला. बापाभावांची विटंबना आठवून तिथली माणसं शेवटपर्यंत लढतील, प्रांत घेतलास तरी टिकणार नाही. त्साओ थांबला. पापाची भाषा केली असती तर थांबला असता? त्यानं नफ्या-तोट्याची भाषा केली, म्हणून तर त्या वेळी ती स्वारी टळली.

भाचा : मान्य. पण माझी खंत तिथेच सुरू होते. १९६ मध्येही त्यानं धर्म आणि फायदा एकाच दोरीत बांधून दिले : सम्राटाला आणणं योग्य आहे, आणि त्यानं लोक तुझ्या बाजूनं येतील. २०० मध्ये ग्वानदूच्या लढाईत त्साओचं धान्य संपत आलं तेव्हा त्याचं पत्र गेलं, टिकून राहा, जिंकशील. दर वेळी सल्ला बरोबर निघाला. मग २१२ मध्ये त्साओला ड्यूकची पदवी आणि नऊ राजमान द्यायचं घाटलं. शून यू म्हणाला, आपण राज्य वाचवायला शस्त्र उचललं होतं, हे शोभत नाही. इथे फायदा कुठेच नव्हता. त्साओनं बहुधा पहिल्यांदाच त्याच्या तोंडून नुसता धर्म ऐकला.

आत्या : आणि त्याला ती फितुरी वाटली.

भाचा : वाटणारच. वीस वर्षं ज्याच्याशी हिशेबाच्या भाषेत बोललो, त्याला शेवटी एकदम नीतीची भाषा कशी कळावी? शिवाय तो अडला तो सिंहासनासाठी. नदीकाठच्या माणसांसाठी असं उघड अडणं इतिहासात सापडत नाही.

आत्या : मरण्याआधी त्यानं आपले गुप्त सल्ले आणि मसुदे जाळून टाकले, असं सांगतात. त्यात एखादं पान शूजौचं असेलही.

भाचा : असेल. पण ते पान त्साओच्या हाती पडायला हवं होतं, आणि तेही वेळेवर.

आत्या : (थोडं थांबून) माझा बचाव मी मागे घेत नाही. अशा माणसांनी हात झटकले असते, तर शूचा दरबारही उभा राहिला नसता. दुसऱ्या वर्षी, २१३ मध्ये, त्साओनं ती पदवी घेतली आणि २२० मध्ये त्याच्या मुलानं सिंहासन. शून यूचा नकार फुकट गेला, तरी तो दिला, ही मोठी गोष्ट आहे. वर्गात मी जन्मभर हेच शिकवलं, की शेवटी का होईना, तो बोलला. शूजौचा प्रसंग मात्र एका वाक्यात उरकायचे. आता वाटतं, तास तिथूनच सुरू करायला हवा होता.