भीतीची किंमत कोणाच्या माथी?
पोहता न येणाऱ्या, पाण्याला बिचकणाऱ्या क्रूझ-प्रवाशाला ग्रँड केमन बेटाजवळचा ‘स्टिंगरे सिटी’ वाळूपट्टा सोयीचा वाटतो: कमरेएवढं पाणी, पायाखाली वाळू, अंगाला घासून जाणारे पाकट मासे. कोळी तिथे मासे साफ करत, त्या वासावर पाकट जमले. आता पर्यटकांच्या हातचं खातात. याला हिंसा म्हटलं, तर पिंजरा नाही, मग हिंसा कुठली, हा आक्षेप रास्त आहे. बंदिस्त डॉल्फिनपेक्षा (भारताने २०१३ साली डॉल्फिनेरियमना मनाईच केली) हे बरंच. पण मुळात निशाचर असलेले हे जीव तिथे दिवसा चरू लागल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे. आमिष हेही दावंच. अहिंसेचा प्रश्न मारण्यापुरता नाही. आपल्या हौसेसाठी दुसऱ्याची दिनचर्या वाकवण्याचाही आहे. भित्र्याने मन मारावं असं नव्हे; काचेच्या तळाच्या होडीतून त्याने खुशाल पाहावं. मासा मात्र त्याच्याकडे ढुंकूनही न बघता निघून जाईल.