संशयिताचा न्याय कोणी करावा?

पनवेल तालुक्यातील ओवे गावाचे नाव परगावच्या माणसाच्या कानी पडते ते बहुधा तेथून जवळच असलेल्या तळोजा मध्यवर्ती कारागृहामुळे. दहशतवादाच्या आरोपाखाली अटक झालेले अनेक कच्चे कैदी तेथे ठेवले गेले आहेत. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून निकाली निघालेला नाही असा माणूस. कायद्याच्या लेखी तो निर्दोषच असतो. तरीही त्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: असल्यांना कोर्टकचेऱ्या कशाला, लष्कराच्या हवाली करा आणि मोकळे व्हा. आपल्या धर्मग्रामांतील सज्जन माणसेही असे बोलतात. 11 जुलै 2006 रोजी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलगाड्यांत स्फोट होऊन 180 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच मार्गाने रोज ये-जा करणाऱ्या वसई-विरारच्या कुटुंबांचा संताप आम्ही समजू शकतो. पण संतापाने सुचवलेला उपाय तपासून पाहणे भाग आहे.

लष्करी न्यायालय मुळात सैन्याची शिस्त राखण्यासाठी असते. न्याय करणारे, आरोप ठेवणारे आणि पुष्कळदा बचाव करणारेही तेथे एकाच हुकुमाच्या साखळीतले असतात. सैनिकाने ती साखळी भरतीच्या वेळीच पत्करलेली असते. नागरिकाला तिच्यापुढे उभे केले, की त्याचा प्रतिपक्षच न्यायासनावर बसतो.

गोव्याने हे सोसले आहे. 1946 साली त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्यावर पोर्तुगीजांनी लष्करी न्यायालयात खटला भरला आणि आठ वर्षांची शिक्षा देऊन त्यांना पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. त्यांचा अपराध नागरी हक्कांसाठी आवाज उठवण्याचा. आरोपी कॅथोलिक घराण्यातला, राज्यही स्वतःला कॅथोलिक म्हणवणारे. त्या नात्याचा न्यायाला काडीचाही उपयोग झाला नाही, हे आपण विसरू नये. मोहन रानडे यांची गोष्ट अधिक अडचणीची आहे, कारण त्यांनी शस्त्र हाती घेतले होते. 1955 साली ते पकडले गेले, लष्करी न्यायालयाने त्यांना 26 वर्षांची शिक्षा सुनावली, आणि 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही ते पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. सुटका झाली 1969 च्या जानेवारीत. पोर्तुगीजांच्या लेखी ते गुन्हेगार, आपल्या लेखी स्वातंत्र्यसैनिक. कोणी म्हणेल, आजच्या स्फोट घडवणाऱ्यांशी त्यांची तुलना कशाला? तुलना माणसांची नाही, न्यायासनाची आहे. समोर कोण उभा आहे हे ठरवण्यासाठीच तर खटला असतो. ते आधीच ठरले असेल तर खटल्याचे निव्वळ सोंग उरते. निकदेमानेही परूश्यांपुढे एवढाच आग्रह धरला होता, की आधी त्या माणसाचे ऐकून घ्या.

लष्करी न्याय निदान झटपट होतो, हा समजही खरा नाही. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यातील संशयितांसाठी अमेरिकेने ग्वांतानामो येथे लष्करी आयोग नेमले. प्रमुख आरोपींवर 2008 साली आणि पुन्हा 2012 साली आरोप ठेवले गेले, पण मुख्य सुनावणी वर्षानुवर्षे रखडली. छळ करून मिळवलेल्या जबाबांचे काय करायचे, हा गुंता तेथे सुटता सुटला नाही. उलट मुंबईत, 2008 च्या नोव्हेंबरात जिवंत पकडलेल्या कसाबला वकील दिला गेला, मुलकी न्यायाधीशापुढे साक्षी झाल्या, मे 2010 मध्ये शिक्षा झाली, अपिले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 21 नोव्हेंबर 2012 रोजी फाशी झाली. फाशीविषयी आमचे मत निराळे आहे. तो विषय येथे नको. सांगायचे ते हे, की त्याच खटल्यातील दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. गणवेशातल्या न्यायासनाने त्यांना सोडले असते काय?

एवढ्यावर समाधान मानावे, तर तळोजा आठवते. फादर स्टॅन स्वामी यांना 8 ऑक्टोबर 2020 रोजी रांचीहून अटक करून तेथे आणले. वय 83, कंपवाताने हात थरथरत. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना अर्ज करावा लागला. त्यांचा न्याय लष्कराकडे नव्हता, विशेष न्यायालयाकडे होता. पण बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. आणि आरोप तपासण्याची खरी वेळ खटल्यात येते. खटला सुरूच झाला नाही. मार्च 2021 मध्ये जामीन नाकारला गेला, 5 जुलैला वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. न्यायाधीशाच्या अंगावर गणवेश नसतानाही काळ शिक्षा भोगायला लावू शकतो, तो असा.

रेल्वे स्फोटांच्या खटल्यातही 2015 साली दोषी ठरलेल्या बाराही जणांची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी रद्द केली. त्यांपैकी एकजण तोवर तुरुंगातच वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, तो निकाल दाखला म्हणून धरू नये असे सांगितले. सुटलेल्यांना मात्र परत बोलावले नाही. ज्यांची माणसे त्या डब्यांतून घरी आली नाहीत, त्यांनी 19 वर्षे वाट पाहिली होती.

फादर स्टॅन यांच्यासाठी आपल्या चर्चमधून प्रार्थना झाल्या, त्या योग्यच होत्या. ते आपले होते. ओव्याजवळच्या त्या भिंतींआड जे आपले नाहीत, ज्यांच्यासाठी कोणत्याही वेदीवर मेणबत्ती लागत नाही, त्यांच्या खटल्याची तारीख कधी आहे हे कोण विचारतो?