पाठीखालची ऊब

पन्नाशी गादीवर काढलेल्या माणसाने झोळीत झोपू नये. पण चिरंजीवांनी हॅमॉक आणला आणि डिसेंबरातल्या एका रात्री भंडारदऱ्याला दोन झाडांमध्ये मी पडवळासारखा लोंबकळत राहिलो. स्लीपिंग बॅग होती, कानटोपी होती, वर बायकोची शाल होती. तरी पाठ बर्फ! थंडी वरून येते, हा माझा जन्मभराचा समज. इथे ती खालून येत होती.

"बाबा, ऊब बॅगेत नसते, तिच्यात अडकलेल्या हवेत असते," चिरंजीव म्हणाले. "अंगाखाली बॅग चेपली की हवा गेली, ऊबही गेली."

मग फोमची खरेदी. मऊ स्पंजावर माझे मन बसले. पण तो दबतो आणि वर दवही पितो. दुसरी चटई कडक, दिसायला दरिद्री. पण तिच्यातले हवेचे बुडबुडे चारी बाजूंनी बंद. तीच घेतली, खांद्यांपाशी पुरेल अशी रुंद.

पुढच्या खेपेला पाठ ऊबदार झाली आणि झोप मात्र उडाली. ज्याच्यावर भार टाकायचा, त्याच्याकडूनच ऊब मागायची, हा कुठला न्याय? चेपलेल्या बॅगेला मी दोष दिला नव्हता; वजन माझेच होते. पण तीस वर्षे घराचा भार बायकोवर टाकून मीच विचारतो, "हल्ली तू पूर्वीसारखी हसत का नाहीस?" फोम दबत नाही, माणूस दबतो.

घरी आल्यावर सकाळचा चहा मी केला. हिने एक घोट घेतला, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "अहो, बरं वाटत नाही का?"