हलायचं कुणी, थांबायचं कुणी

लहान कारखान्यासाठी राउटर टेबल घ्यायचं आहे. त्याआधी करायचं हे मनन. सावकाश वाचा, एक परिच्छेद संपला की लगेच पुढच्याकडे धावू नका. जमलं तर आपल्या कारखान्यातच बसा. मशीनचे प्लग काढलेले असू द्यात. फोनवरचे व्हिडिओ आणि किमतींचे तक्ते आज नकोत. पाय जमिनीला नीट टेकवा, खांदे सैल सोडा. श्वास चालला आहे तसा चालू द्या.

आता हातातला राउटर मनात आणा. फळी बाकावर क्लॅम्पने आवळली आहे आणि तुम्ही तिच्या कडेवरून मशीन नेत आहात. मशीनचं वजन मनगटात जाणवतं. फळीच्या टोकाशी आलात की मशीनचा अर्धाअधिक तळ अधांतरी राहतो, ते जरासं कलंडतं आणि गोलाईत खड्डा पडतो. हा क्षण ओळखीचा असेल. त्याच्यापाशी थोडं थांबा. लाकूड जागेवर आहे, हत्यार फिरतं आहे आणि तुमचं निम्मं लक्ष हत्यार सावरण्यात गेलं आहे.

तेच मशीन आता उलटं करून टेबलाखाली टांगा. बिट तेवढं वर डोकावतं. हत्यार जागेवर राहिलं आणि लाकूड तुमच्या हातून पुढे सरकू लागलं. राउटर टेबलाचा चांगलेपणा या अदलाबदलीवरूनच मोजायचा. ज्यांनी थांबायला हवं ते खरंच थांबतात का? थांबायचं तिघांनी: टेबलाच्या पृष्ठभागाने, बिटच्या उंचीने आणि फेन्सने, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरकवायचं त्या आडोशाने. हा प्रश्न मनात धरा. पुढची प्रत्येक वस्तू त्याच्यावर घासून पाहू.

वस्तूंकडे वळण्याआधी कामाकडे पाहा. गेल्या वर्षभरात या जागेतून काय काय बाहेर पडलं? कपाटांचे पल्ले, फोटोच्या चौकटी, ड्रॉवरच्या फळ्यांना तळासाठी मारलेल्या खाचा, देव्हारे, ट्रे. एकेक काम डोळ्यांसमोर येऊ द्या आणि त्याला टेबल हवं होतं का, ते तपासा. अरुंद पट्टीवर हातातल्या राउटरला टेकायला जागाच नसते. तिथे टेबल हवंच. वीस ड्रॉवरना कडेपासून तंतोतंत तेवढ्याच अंतरावर खाच मारायची असेल, तिथेही हवं. पण सहा माणसांच्या जेवणाच्या टेबलाची जड फळी उचलून बिटवरून फिरवण्यात अर्थ नाही. ती बाकावर आणि राउटर हातात, हेच बरं. तुमची बहुतेक कामं या दुसऱ्या जातीची निघाली, तर महागड्या टेबलाची गरज आज तरी नाही. हे उत्तर आलं तर तेही मोकळेपणाने स्वीकारा.

आता जागा. सहा फुटांची पट्टी बिटच्या उजवीकडे सहा फूट मागते आणि डावीकडेही सहा. दहा बाय बाराच्या गाळ्यात ती लांबीच्या बाजूने जेमतेम बसेल, आणि तिथे आधीच लाकडाची थप्पी उभी असेल. उघड्या दाराच्या रेषेत टेबल लावलं तर पट्टी दारातून बाहेर जाऊ शकते. त्यासाठी टेबलाला चाकं लागतील. मग आपला प्रश्न चाकांनाही लागू होतो: ब्रेक लावल्यावर ती थांबतात, की लाकूड ढकललं की टेबलच सरकतं? डोळे मिटून आपल्या गाळ्यात ते टेबल ठेवून पाहा. कुठे उभे आहात? पट्टी कुठून येते, कुठे जाते? पाठीमागून कुणी आलं तर धक्का लागेल का?

पहिला थांबणारा म्हणजे पृष्ठभाग. एमडीएफचे १८ मिमीचे दोन थर चिकटवून त्यावर सनमायका लावलेलं टेबल स्वस्त पडतं आणि लाकूड त्यावरून छान सरकतं. पण सनमायका दोन्ही बाजूंना हवा; एकाच बाजूला लावला तर दमट हवेत फळी वाकते. राउटरचा पाच-सहा किलोचा भार वर्षानुवर्षं मधोमध लटकत राहिला की खालून आधार नसलेला एमडीएफ हळूहळू बसतो. फिनॉलिकचा पत्रा ओलाव्याला दाद देत नाही. बिडाचं टेबल जड असतं, मशीनची थरथर गिळतं, घडाईत सपाट निघालं असेल तर सपाटच राहतं. मात्र कोकणातल्या पावसाळ्यात आठवडाभर दुर्लक्ष झालं तरी त्यावर तांबेरा चढू लागतो; मेणाचा हात नियमित फिरवावा लागतो. ही निगा तुमच्याकडून होईल का? खरं उत्तर द्या. पुण्यातल्या कोरड्या गाळ्याचं उत्तर वेगळं असेल, रत्नागिरीतल्याचं वेगळं.

सपाटपणाचा इतका आग्रह कशासाठी, ते शांतपणे पाहा. टेबल बिटपाशी खोलगट असेल तर लांब फळी तो खळगा ओलांडून वरच्या वर जाते आणि खाच उथळ पडते. आखूड तुकडा मात्र खळग्यात उतरतो आणि त्याची खाच खोल पडते. बिटची उंची तीच, तरी दोन तुकड्यांच्या खाचा वेगळ्या. मग चौकट जोडताना सांध्यात पायरी येते आणि दोष सुताराच्या हाताला लागतो. तपासणी सोपी आहे. सरळ पोलादी पट्टी टेबलावर लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर उभी धरायची आणि खाली कागद सरकतो का, पाहायचं. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिमी असते. बिटभोवतीच्या फूटभर जागेत पट्टीखाली दोन कागद शिरत असतील, तर बारीक जोडकामासाठी ते टेबल सोडून द्या. तिथे अगदी किंचित फुगवटा असेल तर एकवेळ चालतो. खळगा चालत नाही.

दुसरी थांबायची गोष्ट बिटची उंची, आणि ती सांभाळायची प्लेटने. राउटर या प्लेटला टांगलेला असतो. प्लेट ॲल्युमिनियमची असो वा फिनॉलिकची, जाडी ९ मिमीच्या आसपास असावी आणि ती टेबलाशी समपातळीत आणायला खालून स्क्रू हवेत. डोळ्यांपेक्षा नखावर भरवसा ठेवा. टेबलावरून प्लेटवर नख ओढत न्या. कुठे अडकलं तर तिथे लाकडाचं टोकही अडकणार आहे. बिटभोवतीच्या कड्या वेगवेगळ्या व्यासाच्या मिळतात का? लहान बिटभोवती मोठं भगदाड राहिलं तर पट्टीचं टोक त्यात घुसतं. आणि प्लेटची भोकं तुमच्या राउटरच्या तळाशी जुळतात का? बाहेरच्या प्लेट बऱ्याचदा अमेरिकी बाजारातल्या मॉडेलांसाठी पाडलेल्या असतात. तिथले राउटर १२० व्होल्टचे आणि आपली वीज २३० व्होल्टची, म्हणून आपल्याकडे मिळणारं मॉडेल प्लेटच्या यादीत असेलच असं नाही.

राउटर लिफ्ट या उपकरणाने वरून किल्ली फिरवून बिट वर-खाली करता येतं. सोय मोठी आहे. रोज चार-पाच वेळा बिट बदलत असाल, तर वाकण्याचा त्रास आणि वेळ दोन्ही वाचतात. पण लिफ्ट पाहताना ती किती झरझर वर येते यापेक्षा लॉक केल्यावर जागा सोडते का, ते पाहा. लॉक आवळताना बिट केसभर वर सरकत असेल, तर तुम्ही मोजलेल्या मापाला अर्थ उरत नाही.

तिसरी फेन्स. इथे जरा जास्त वेळ बसा, कारण सर्वांत जास्त पैसे इथे उगाच जातात. टेबल-सॉच्या पात्याशी फेन्स समांतर असावीच लागते. नसली तर लाकूड पातं आणि फेन्सच्या मध्ये चिमटतं. राउटरचं बिट गोल आहे. गोलाला दिशा नसते. फेन्स टेबलाच्या कडेशी तिरकी असली तरी काही बिघडत नाही. मोजायचं ते फक्त बिटपासूनचं अंतर. हे मनात नीट उतरू द्या. याचा अर्थ असा, की फेन्सचं एक टोक आवळून दुसरं टोक थोडं सरकवलं तरी माप बसवता येतं. बिट बरोबर मध्यावर असेल, तर मोकळं टोक एक मिमी सरकवल्यावर बिटपाशी अंतर अर्ध्या मिमीने बदलतं. फेन्सवरच्या बारीक आकड्यांच्या पट्ट्या आणि दात्यांची चाकं सोयीची आहेत, पण सरळ रंधलेली सागाची जाड पट्टी आणि दोन क्लॅम्प हेही काम अचूक करतात. अपवाद एकच: टेबलातल्या खाचेत मायटर गेज चालवून त्याच वेळी फेन्सला टेकवणार असाल, तर फेन्स त्या खाचेशी समांतर हवी.

फेन्सकडून मागायचं ते एवढंच: ती सरळ असावी, टेबलाशी काटकोनात असावी आणि दाब आला तरी ढळू नये. गुण्या लावून काटकोन पाहा. पुढचे दोन भाग बिटच्या जवळ-लांब सरकत असतील तर चांगलं. डाव्या भागामागे पातळ पट्टी घालता येत असेल तर फळीची कड रंधल्यासारखी सरळही करून घेता येते.

आता वर डोकावणाऱ्या त्या बिटकडे लक्ष न्या. पल्ल्याच्या फळीला उतार देणारं ८० मिमी व्यासाचं बिट मिनिटाला २२,००० फेऱ्यांनी फिरलं, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या घरात जातो. १०,००० फेऱ्यांना तोच वेग सुमारे १५० होतो. १२ मिमीचं छोटं बिट २२,००० ला फिरूनही ताशी ५० च्या आसपास राहतं. म्हणून टेबलात बसवायच्या राउटरला वेग कमी-जास्त करायची सोय हवी. एकाच वेगाच्या मशीनवर मोठं बिट लावायचंच नाही. बिटची दांडी धरणाऱ्या कोलेटचाही विचार करा. अर्ध्या इंचाची दांडी पाव इंचाच्या दांडीपेक्षा तेवढ्याच लांबीला १६ पट ताठ असते. आपल्याकडे १२ मिमी आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, ही दोन्ही मापं एकाच दुकानात मिळतात आणि दिसायला सारखीच वाटतात. १२ ची दांडी १२.७ च्या कोलेटमध्ये जाते, पण पक्की धरली जात नाही. तुमच्याकडची सगळी बिटं एका मापाची ठेवायचं आजच ठरवा. सागात सिलिका असते आणि ती धार लवकर खाते, त्यामुळे बिट कार्बाइडच्या धारेचंच घ्या.

एक दीर्घ श्वास घ्या आणि मनातल्या मनात काम करून पाहा. तुम्ही टेबलासमोर उभे आहात, फेन्स बिटच्या पलीकडे आहे. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं, म्हणजे तुमच्याकडची त्याची बाजू डावीकडून उजवीकडे धावते. म्हणून लाकूड उजवीकडून डावीकडे ढकलायचं, बिटच्या विरोधात. हातांना तो विरोध कल्पनेत जाणवू द्या. तोच तुमचा ताबा आहे. उलट ढकललं तर बिट लाकूड हिसकावून नेतं आणि मागून हातही ओढला जातो. बिट आणि फेन्स यांच्या सापटीत लाकूड कधी घालायचं नाही; तिथून ते बाणासारखं सुटतं. हात बिटपासून दूर ठेवायला ढकलण्याचा ठोकळा आणि लाकूड दाबून धरायला फेदरबोर्ड हवा. तो बसवायला फेन्सला आणि टेबलाला खाचा आहेत का, ते पाहा.

काम चालू असताना अचानक वीज गेली, अशीही कल्पना करा. राउटर थांबला. तुम्ही बिट बदलायला खाली वाकलात आणि वीज परत आली. या चित्रापाशी थांबा, अस्वस्थ वाटलं तरी. टेबलाला पुढच्या बाजूला, गुडघ्याने बंद करता येईल असा मोठा स्विच हवा, आणि तो वीज परत आल्यावर आपोआप चालू न होणारा हवा. वारंवार वीज जाते त्या गावात तर हा स्विच लिफ्टच्या आधी घ्यायचा.

धुळीचा विचार थोडक्यात. लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरलेली आहे. टेबलाखाली पडणारा भुसा राउटरच्या मोटारीत शिरतो, वर उडणारा तुमच्या नाकात. म्हणून व्हॅक्यूमचा पाइप लावायला फेन्सच्या मागे एक तोंड हवं आणि खालच्या पेटीला दुसरं.

हे सगळं आता एकत्र पाहा. अमेरिकेत पीबीएस वाहिनीवर १९८९ ते २००९ या काळात चाललेल्या ‘द न्यू यँकी वर्कशॉप’ या सुतारकामाच्या कार्यक्रमात सुतार नॉर्म अब्रॅम यांनी राउटर टेबल स्वतः बांधून दाखवलं होतं. तुम्हीही सुतार आहात. पेटी, पाय, ड्रॉवर यांचे पैसे दुकानदाराला द्यायलाच हवेत असं नाही. विकत घ्यायचं ते, जे आपल्या हाताने तितकं नेमकं होत नाही. पैसे मोजके असतील तर क्रम असा धरा: वेग बदलणारा राउटर, सपाट पृष्ठभाग, समपातळीत येणारी प्लेट, सुरक्षित स्विच. फेन्स आधी घरची चालेल. लिफ्ट शेवटी, कामं वाढल्यावर.

आता उठा. कागदावर आपल्या कामांची यादी, गाळ्याची लांबी-रुंदी आणि राउटरच्या तळाच्या भोकांचा ठसा उतरवून घ्या. दुकानात जाताना हे कागद, पोलादी पट्टी आणि गुण्या बरोबर न्या. टेबल खोक्यातून काढून मांडायला लावा. पट्टी धरा, प्लेटवरून नख फिरवा, गुण्या लावा. मग फेन्स आवळा आणि तळहाताने जोरात ढकला. हलली, तर बिल करू नका.