गंज आणि क्षमा

राखेच्या बुधवारी चर्चमधून घरी परतल्यावर माळ्यावरची अडगळ काढताना आम्हांस वडिलांचा कोयता सापडला. वसईच्या खाऱ्या हवेत त्याचे पाते पार गंजून गेले होते. लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांच्या संयोगातून गंज उत्पन्न होतो. मीठ त्या क्रियेस वेग देते. म्हणजे गंज ही बाहेरून येऊन बसलेली धूळ नव्हे. ते लोखंडच असते, स्वरूपाला मुकलेले. वाईटाला स्वतःचे अस्तित्व नाही, तो चांगुलपणाचा ऱ्हास होय, असे संत ऑगस्टीन यांनी प्रतिपादन केले, त्याचे आम्हांस स्मरण झाले.

मूठ वर राहील अशा बेताने पाते रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवले. चिंचेतील आम्ल गंज विरघळवते. लिंबू वा व्हिनेगरही तेच करते. सकाळी पाते काथ्याने घासले, चाळलेली राख लावून पुन्हा घासले. राखेतील क्षार उरलेले आम्ल मारतो. नंतर धुऊन तत्काळ कोरडे केले आणि खोबरेल तेलाचा हात फिरवला.

पाते उजळले, परंतु गुळगुळीत झाले नाही. गंज जिथे खोल गेला होता तिथे खड्डे उरले. मग प्रश्न पडतो : क्षमा मिळाल्यावर झालेली हानी भरून निघते काय? 1992 साली प्रसिद्ध झालेला कॅथॉलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ याबाबत स्पष्ट आहे. पापनिवेदनाने पाप जाते. पापाने घडवलेली सारी नासधूस मात्र आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेले परत करावे लागते, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उजळावे लागते.

याची दुसरी बाजूही आहे. पाते दिवसेंदिवस आम्लात ठेवले तर गंजासोबत चांगले लोखंडही झिजते. संत इग्नेशियस लोयोला 1522 साली मान्रेसा येथे असताना क्षमा झालेल्या पापांच्या शंकेने व्याकूळ होत, तीच ती पापे पुनःपुन्हा आठवत. पश्चात्तापालाही मर्यादा असावी लागते. योग्य वेळी पाते बाहेर काढावे लागते.

हे सारे आम्ही लिहितो आहोत त्यास कारण आहे. हा कोयता ज्या वाडीत चाले, तिच्या वाटणीवरून आम्ही आणि आमचे धाकटे बंधू बारा वर्षे एकमेकांशी बोललो नव्हतो. चूक अधिक आमचीच होती, हे आम्ही मनोमन जाणून होतो. पण पूर्वीचा जिव्हाळा आता थोडाच परत येणार, मग जाऊन काय उपयोग, अशी आम्ही स्वतःची समजूत घालत आलो. कोयत्याने ती समजूत खोटी ठरवली. दगडावर धार लावताच त्या खड्डे पडलेल्या पात्याने केळीचा घड एका घावात उतरवला.

वेदीवर अर्पण ठेवण्यापूर्वी भावाशी समेट करावा, असे प्रभूने सांगितले आहे. पुढल्या रविवारी मिस्सेपूर्वी आम्ही बंधूंच्या दारी गेलो आणि चूक कबूल केली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आत चहा सांगितला. वाडीची मोजणी पुन्हा करून घेण्याचे आम्ही दोघांनी ठरवले आहे. झालेली बारा वर्षे परत येणार नाहीत. पाते मात्र यापुढे ओले ठेवायचे नाही, अधूनमधून तेल लावीत राहायचे, एवढे आपल्या हाती आहे.